विमानतळावरची सामान तपासायची एक्स-रे यंत्रं सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) विकत घेते का?

नाही. तपासणी सीआयएसएफचे जवान करतात, पण यंत्रं घेतो विमानतळाचा चालक: पुणे किंवा गोव्यातल्या दाबोळीला विमानतळ प्राधिकरण, गोव्यातल्याच मोपाला जीएमआर ही खासगी कंपनी. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आणि दाबोळीची नौदलाची असली तरी टर्मिनल प्राधिकरणाचं, म्हणून खरेदीही त्याचीच. मात्र चालकाला मन मानेल ते यंत्र घेता येत नाही. तांत्रिक निकष नागरी विमान सुरक्षा ब्यूरो (बीसीएएस) ठरवतं.

निविदा दोन लिफाफ्यांची असते. पुरवठादार तांत्रिक लिफाफ्यात पास झाला तरच त्याचा दराचा लिफाफा उघडतो. हातातल्या सामानासाठी यंत्राचा बोगदा (ज्यातून बॅग जाते ती पोकळी) साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा, मोठ्या बॅगांसाठी १०० × १००. यंत्र ताब्यात घेताना टेस्ट पीस (यंत्राची चाचणी घ्यायचा ठरावीक नमुना) पट्ट्यावरून जाऊ द्या: त्यातल्या बारीक तारा आणि पायऱ्यांसारख्या वाढत्या जाडीच्या पोलादामागचं शिसं पडद्यावर स्पष्ट दिसलंच पाहिजे.

खरी गडबड देखभालीत होते. वॉरंटीनंतरच्या वार्षिक देखभालीचा दर निविदेतच मागा आणि एल-१ (सर्वांत कमी दराचा पुरवठादार) ठरवताना तो किमतीत धरा. नाहीतर यंत्र स्वस्तात मिळतं, पण पुढे एक्स-रे जनरेटर किंवा डिटेक्टर कार्ड गेलं की पुरवठादार सांगेल ती किंमत मोजावी लागते, आणि सुटा भाग येईपर्यंत ती रांग बंद.