‘दिव्यांग शाळा’ आणि विकलमधली कला

कोपरीहून प्रश्न आलाय: मुलाच्या दाखल्यावर ‘दिव्यांगत्व 30 टक्के’ असं छापलंय, शाळेच्या अर्जात ‘विकलांग असल्यास’ असा रकाना आहे आणि आसपासचे लोक ‘दिव्यांग शाळा’ बघा म्हणतात. हे सगळं एकच का? अर्जात काय लिहायचं?

आधी ‘दिव्यांग शाळा’. दिव्यांग हा बहुव्रीही समास, ज्याचं अंग दिव्य तो. ते माणसाचं विशेषण आहे. शाळेला लावलं की दिव्य अंग शाळेचं होतं. ठाणे स्टेशनावर रोज कानावर पडणारा ‘दिव्यांग डबा’ आणि ‘दिव्यांग दाखला’ याच वाटेचे. ‘महिला डबा’ चालतो, मग हा का नाही, असं विचारणारे विसरतात की महिला हे नाम आहे आणि दिव्यांग हे मुळात विशेषण. डबा दिव्यांगांचा, दाखला दिव्यांगत्वाचा. षष्ठीचा एक प्रत्यय लावायचा आळस करू नये.

आता विकलांग. ‘विकल म्हणजे व्याकूळ, ज्याला कल म्हणजे चैन नाही तो’ अशी फोड सर्रास सांगितली जाते. ती चूक आहे. चैन या अर्थाचा ‘कल’ हिंदीतला. संस्कृत विकलमध्ये आहे कला, म्हणजे भाग, अंश, चंद्राचा सोळावा हिस्सा. सगळ्या कलांसह ते सकल, एखादी कला उणी ते विकल, आणि ज्याचे भागच पडत नाहीत ते निष्कल. आपण सहज ‘सकळ’ म्हणतो तेव्हा त्यात पुनवेचा चंद्र असतो. चंद्रकळा तीच, अवकळाही तीच. ज्योतिषात एका अंशाच्या 60 कला आणि एका कलेच्या 60 विकला; तिथे ‘वि’ उणेपणाचा नाही, आणखी बारीक वाटणीचा आहे. व्याकूळ हा अर्थ मागाहून आला, मनाचा एखादा भाग हरवल्यासारखा म्हणून. ज्या कोशांत व्याकूळ पहिला आणि ‘न्यून’ शेवटी दिलाय, त्यांनी क्रम उलटा लावलाय असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजी कायद्याची सुरुवातही याच उणेपणापासून झाली. ब्रिटनमध्ये 1893 चा कायदा अंध आणि बहिऱ्या मुलांसाठी आला, 1899 च्या कायद्याच्या नावात ‘डिफेक्टिव्ह’ मुलं आली. लॅटिन मुळात त्याचा अर्थ उणं पडलेलं, म्हणजे थेट विकल. अशा मुलांच्या शिक्षणावरच्या 1978 च्या वॉर्नॉक अहवालानंतर 1981 च्या कायद्याने व्यंगांचे वर्ग काढून टाकले आणि ‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्द आणला. नजर मुलाच्या शरीरावरून त्याला काय लागतं याकडे वळली. आपण म्हणतो ती ‘विशेष गरजा असलेली मुलं’ याच वळणावरची.

आपल्याकडे 1995 च्या कायद्याचं मराठी नाव ‘अपंग व्यक्ती’ असं होतं. त्यात सात प्रकार होते आणि 40 टक्के हा उंबरठा व्याख्येतच होता. 39 टक्के असलेलं मूल कायद्याला दिसतच नव्हतं. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकताना येणारी अडचण, यादीतच नव्हती. 27 डिसेंबर 2015 ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये विकलांगऐवजी दिव्यांग म्हणा असं सुचवलं, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या हिंदी-मराठी नावांत तो शब्द बसला. इंग्रजी मसुद्यात दिव्य असं काहीच नाही. तिथली व्याख्या सांगते: दीर्घकालीन उणीव अधिक समोरचे अडथळे, यांतून सहभाग रोखला जातो. अंग विकल म्हणा की दिव्य, दोन्ही शब्द शरीराकडेच बोट दाखवतात. अर्धी व्याख्या बाहेरच राहते.

म्हणून माझं म्हणणं: विकल शब्द ठेवायचाच असेल तर शाळेला लावा. रॅम्प नाही, ब्रेल पुस्तक नाही, विशेष शिक्षक नाही, अशी शाळा एक-एक कला उणी असलेली, विकल शाळा. बहुव्रीहीची गरजच उरत नाही, आणि कायद्याशीही ते जुळतं. 2016 च्या कायद्याचं कलम 16 शाळेला सांगतं: भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत सुगम करा, वाजवी सोयी द्या, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा.

खरी गफलत पुढे होते. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत आणि 40 टक्क्यांची अट व्याख्येतून निघून ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या वेगळ्या शब्दाकडे गेली. कलम 31 मधला 6 ते 18 वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क लक्षणीय दिव्यांगत्वासाठी आहे; शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्यातच. कलम 16 आणि 17 मध्ये मात्र ‘लक्षणीय’ हा शब्द नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं कलम 17 मध्ये येतं. तरी कार्यालयातून ‘40 च्या खाली आहे, बसत नाही’ असं उत्तर मिळतं, कारण सांगणाऱ्याच्या डोक्यात अजून 1995 ची व्याख्या असते. लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात स्पष्ट केलंय.

तेव्हा कोपरीकरांनी रकान्यात ‘विकलांग’ हा छापील शब्द खोडत बसू नये. त्यापुढे लिहावं: ‘दिव्यांगत्व 30 टक्के, दाखला जोडला आहे; 2016 च्या अधिनियमातील कलम 16 व 17 नुसार सोयी मिळाव्यात.’ अर्जाची दुसरी प्रत न्यावी, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. तोंडी नकार मिळाला, तर तो लेखी मागावा.