आधी एमआयसी, मग बायोफिल्म

बाळा,

धिंगरी अळिंबीच्या अर्काने एमआरएसएची (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूची) बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून बसणारा जंतूंचा थर, निम्म्याने घटली आणि गाइडने नुसतं ‘बरं, मग?’ विचारलं, म्हणून तू हिरमुसलीस. पण प्रश्न रास्त आहे. जंतू मेले म्हणून थर बसला नाही, की जिवंत असूनही बसला नाही? तुझ्या आलेखात याचं उत्तर नाही. आधी एमआयसी काढ, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं किमान प्रमाण.

जंतू वाढवायला म्युलर-हिंटन ब्रॉथ, ९६ खळ्यांची प्लेट, दुपटीने विरलता (पुढच्या प्रत्येक खळ्यात अर्क निम्मा), दर मिलीला ५ लाख जंतू, ३५ अंशाला १६ ते २० तास. बायोफिल्मसाठी मात्र तू टीएसबीत (ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये) १ टक्का ग्लुकोज घालतेस, माध्यमच वेगळं. म्हणून धुण्याआधी त्याच प्लेटचं ६०० नॅनोमीटरला रीडिंग घे, गढूळपणावरून वाढ कळते. वाढ कंट्रोलइतकी (अर्क नसलेल्या खळ्याइतकी) आणि थर कमी, तरच ‘रोखलं’ म्हणायचं. वाढच खाली असेल तर तू जंतूंची वाढ थांबवलीस, एवढंच.

त्यात कमीपणा नाही. प्ल्युरोम्युटिलिन हे प्रतिजैविक १९५१ साली अळिंबीतूनच मिळालं आणि त्याच कुळातलं लेफाम्युलिन २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कॉप्रिनस कोमॅटस या अळिंबीतलं कॉप्रिनसलॅक्टोन तर थर बसवायला लागणारे जंतूंचे आपसातले निरोपही अडवतं आणि जंतूची पेशीभिंत बांधणाऱ्या मुरए एन्झाइमलाही. एकच रेणू दोन्ही कामं करू शकतो, म्हणून तर आधी एमआयसी!

अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिली केलास, तर १ मिलिग्रॅमच्या खळ्यात डीएमएसओ १ टक्का होतं. तेवढंच डीएमएसओ असलेली, अर्क नसलेली खळी हवीच. अर्क तपकिरी असतो, तो रंग रीडिंगमध्ये येतो, तेव्हा जंतूंशिवाय नुसत्या अर्काचीही खळी ठेव. कडेच्या ओळींत निर्जंतुक पाणी भर. आपल्याकडच्या मे महिन्यात इनक्युबेटरमध्येही कडेची खळी आधी आटतात.

धुताना पीबीएस (फॉस्फेटयुक्त मिठाचं द्रावण) खळ्याच्या भिंतीवरून सोड, तीनदा. पिपेटचं टोक तळाला लागलं की थर सालीसारखा सुटतो आणि तुला वाटतं औषध लागू पडलं. मग थर रंगवायला ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटं, पुन्हा धुणं, ३३ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये रंग सोडवून ५९० नॅनोमीटरला रीडिंग. हा रंग मेलेल्या जंतूंनाही चढतो. तेव्हा २४ तासांच्या जुन्या थरावर अर्क घालशील, तर तो खरवडून प्लेटवर वसाहती मोजाव्याच लागतील.

आणि धिंगरी कुणाकडची? धिंगरी ज्यावर वाढते ते सोयाबीनचं भुसकट बरेच जण १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मेलिन घालून रात्रभर भिजवतात. फॉर्मेलिन जंतू मारतं! त्याचा अंश अळिंबीत उतरला नाही, हे तू कशावरून सांगणार? गरम पाण्यात निर्जंतुक केलेल्या भुसकटावरची धिंगरी घे, दोन्ही अर्क शेजारी शेजारी तपास.

मला हेकट म्हणतात. म्हणू देत. इतके कंट्रोल मागणं म्हणजे पोरांचा छळ, असंही कानावर येतं. खरा छळ व्हायवाला, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, होतो, परीक्षक हाच प्रश्न विचारतो तेव्हा. चांगले चांगले प्रबंध याच एका जागी लंगडे राहिले, याची हळहळ मला आहे.

पुढच्या पत्रात आलेख नको. ६०० आणि ५९० ची कच्ची रीडिंग पाठव, रिकाम्या खळ्यांसकट.