मशीन बंद, हप्ता चालू

ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ३९. सकाळी पोळीभाजीच्या ऑर्डरी करते, ह्यांची ठाण्यात खासगी नोकरी. दसऱ्याला फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं. चौतीस हजारांचं, ‘बिनव्याजी’ बारा हप्त्यांवर, महिना २,८३३. तिसऱ्याच महिन्यात बंद पडलं. कंपनीचा माणूस चारदा येऊन गेला. एकदा म्हणाला, तुमचं पाणी जड आहे (आमच्याकडे पालिकेचं पाणी, बोअरवेल नाहीच). एकदा बोर्ड बदलला, एकदा म्हणाला सॉकेट ढिलं आहे. मशीन पाणी भरतं आणि तसंच उभं राहतं. दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते तुमची तक्रार बंद झालेली दिसते. हे म्हणतात, मशीन चालत नाही तर हप्ता कशाला, पुढच्या महिन्यापासून बंद. त्यावरून रोज वाद. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा धुण्याला बाई लावली असती.

खरं सांगू? माझी झोप दुसऱ्याच गोष्टीने उडालीय. ह्यांचा फोन चार्जिंगला लावताना क्रेडिट कार्डाचा मेसेज दिसला. छेचाळीस हजार बाकी, किमान २,३०० भरा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि माझ्याकडे ऑर्डरीतले साठवलेले ४१ हजार आहेत, साबुदाण्याच्या डब्यात. ते ह्यांना माहीत नाहीत. हप्ता बंद करू द्यावा का? कार्डाचं विचारू की गप्प बसू? विचारलं तर माझा डबाही उघडा पडेल. – एक मैत्रीण

प्रिय मैत्रिणी,

आधी हप्त्याचं, कारण त्याला तारीख आहे. बंद करू देऊ नका. मशीन दुकानाने दिलं आणि पैसे दिले दुकानात टेबल टाकून बसलेल्या फायनान्स कंपनीने. दुकानदाराला त्याचे पैसे केव्हाच पोचले. तुम्ही हप्ता थांबवलात तर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. खात्यात पैसे नसले की बँक दंड लावेल, फायनान्सवाले वेगळा लावतील, वसुलीचे फोन सुरू होतील आणि ह्यांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडेल. उद्या घरासाठी नाहीतर मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात, तर तिथला माणूस मशीन चालत होतं की नव्हतं हे विचारणार नाही, हप्ता चुकला एवढंच बघेल. मशीनवरचा राग मशीनवाल्यांवरच काढायचा. तो कसा काढायचा, ते पुढे सांगते.

‘बिनव्याजी’ शब्दाचा जीव किती, तेही एकदा बोलून घेऊ. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज कुठेतरी भरलेलंच असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या आणि तुम्हाला न मिळालेल्या सवलतीत. आता ते गेलं. पुढच्या वेळी दुकानात पहिला प्रश्न ‘हप्ता किती’ नको, ‘रोख दिले तर किती’ असा विचारा.

आता एक गोष्ट जरा थांबून बघा. ‘मशीन चालत नाही तर हप्ता कशाला’ हे तुम्हाला तत्त्वाचं भांडण वाटतंय. मला नाही वाटत. कार्डावर ४६ हजार बाकी असलेल्या माणसाला महिन्याचे २,८३३ जड जातात, आणि ‘मला झेपत नाहीये’ म्हणण्यापेक्षा ‘मी देणार नाही’ म्हणणं सोपं असतं. मशीन बिघडलं म्हणून त्यांना एक बरा बहाणा मिळाला, इतकंच. रोज रात्री तुम्ही दोघं मशीनवरून भांडता आणि ज्याबद्दल बोलायला हवं ते फोनमध्ये आणि साबुदाण्याच्या डब्यात पडून राहतं.

मशीनकडे येऊ. कंपनी म्हणते तक्रार बंद झाली, ती कशी झाली सांगू? माणूस काम उरकून निघताना तुमच्या फोनवर आलेला कोड मागतो. ‘मॅडम, ओटीपी सांगा ना, मला पुढच्या कॉलला जायचंय.’ आपण पोळी लाटता लाटता सांगतो. तो आकडा टाकला की कंपनीच्या संगणकावर तुमची तक्रार निकाली निघते, मग मशीन चालो न चालो. चार फेऱ्यांत चार तक्रारी निकाली. त्याच्यावरही फार चिडू नका, त्याच्या डोक्यावर दिवसाच्या कॉलचा आकडा असतो. पण पाचव्यांदा आला की त्याच्यादेखत एक पूर्ण धुणं होऊ द्या, पाणी बाहेर पडताना बघा, मगच कोड. तो भरतो त्या जॉबशीटवर ‘मशीन अद्याप बंद’ असं लिहायला लावा आणि फोटो काढून ठेवा. लिहायला नकार दिला तर त्याच रात्री कंपनीला ईमेल करा: आज अमुक वाजता तंत्रज्ञ आला, अमुक बदललं, दोष तसाच आहे. तारखेसकट.

आणि बिलाचा फोटो आजच काढा, हे पत्र खाली ठेवायच्या आधी. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात. आमच्या फ्रिजचं बिल मी इतकं जपून ठेवलं होतं, देवघराखालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. दीड वर्षाने काढलं तर कोरा पांढरा कागद. दुकानदाराने तो उजेडात धरून बघितला, मला परत दिला आणि म्हणाला, ‘काकू, ह्याच्यावर काहीच नाहीये.’ नक्कल द्यायला त्याने आठ चकरा मारायला लावल्या.

मग एक पत्र लिहा, दुकान आणि कंपनी दोघांच्या नावाने एकच, म्हणजे टोलवाटोलवी बंद. खरेदीची तारीख, चार फेऱ्यांच्या तारखा, दोष काय, आणि शेवटी स्वच्छ मागणी: पंधरा दिवसांत मशीन बदलून द्या, नाहीतर पैसे परत. रागाचा एकही शब्द नको. ईमेलही करा आणि स्पीड पोस्टही, पावती फाईलला लावा. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येतं. ते कोर्ट नाही, कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. पण तुमची तक्रार सर्व्हिस सेंटरवरून उठून कंपनीत जरा वरच्या टेबलावर पोचते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. नाव ऐकून बायका घाबरतात, म्हणून सांगते. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमची ठाण्यात. कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो नाहीतर गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावा, वस्तूची तपासणी करायची झाली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे मनाशी धरून चला. नुकसानभरपाई मागता येते, धुण्यासाठी बाहेर दिलेल्या पैशांच्या पावत्या असतील तर त्याही जोडा. कागद लिहायला कुणी हवं असेल तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे, त्यांना विचारा.

झालं मशीनचं. आता कार्ड.

‘किमान २,३०० भरा’ ही ओळ फार सोज्वळ दिसते. हिशोब बघा. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, तुमच्या ह्यांचा नेमका दर बिलावर छापलेला असेल. साडेतीन धरले तर ४६ हजारांवर महिन्याला १,६१० रुपये व्याज. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २९० रुपये. म्हणजे २,३०० पैकी १,९०० तिथेच गेले आणि कर्ज फिटलं चारशे रुपयांचं. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या कार्डावर कुणी महिन्याचा किराणा भरत असेल, तर तूरडाळीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू.

आणि त्याच घरात, सात-आठ पावलांवर, ४१ हजार डब्यात बसलेत. त्यांना एक रुपया व्याज नाही.

डबा ठेवलात म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही. माझ्या आईचा डाळीचा होता, आजीचा पत्र्याच्या ट्रंकेत पातळाच्या घडीत. पोळ्या लाटून मिळवलेला पैसा तुमचा आहे आणि तो कुठे ठेवावा याचा जाब कुणाला द्यायचं कारण नाही. तुम्हाला अपराधी वाटतंय ते डब्यामुळे नाही, त्यांचं कळूनही न कळल्यासारखं वागताय त्यामुळे.

तर विचारा. पण आधी आपला डबा पुढे ठेवा, मग कार्डाचं काढा. उलटं केलंत तर ती चौकशी होईल. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, सासूबाई पडल्या असतील तेव्हा. सांगा, ‘माझ्याकडे ऑर्डरीचे थोडे साठलेत, तुम्हाला बोलले नव्हते. आणि तुमच्या कार्डाचा मेसेज मला दिसला. आपण एकदा दोन्ही मांडू या का?’ एवढंच. ‘तुम्ही माझ्यापासून लपवलंत’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. लपवालपवीत तुम्ही दोघं बरोबरीने आहात. छेचाळीस हजार कशाचे झाले, हे त्याच दुपारी उकरून काढायला जाऊ नका. बहुतेकदा असं कर्ज एका मोठ्या चुकीचं नसतं. शाळेची फी, एक लग्न, एक दवाखाना, आणि मग भरता न आलेली बाकी वाढत जाते. ते आपणहून सांगतील. मात्र उत्तर मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांचं निघालं, किंवा असंच आणखी एखादं कर्ज निघालं, तर डब्यातला एक रुपयाही काढू नका. मला परत लिहा, तो वेगळा विषय आहे.

तसं नसेल तरी सगळे ४१ देऊ नका. कणीक, तेल, सिलिंडर यासाठी अकरा हजार बाजूला काढा, ती तुमच्या धंद्याची पुंजी आहे. तीस हजार कार्डात भरा. उरले सोळा, त्यावरचं व्याज जीएसटीसकट महिना साडेसहाशेवर येईल. ती बाकी हप्त्यांत बदलून द्या म्हणून ह्यांनी बँकेला विचारावं, दर कमी बसत असेल तर घ्यावी. फिटेपर्यंत कार्ड पाकिटात नको, कपाटात. आणि तीस हजार दिले ते वहीत लिहा, ‘उसने’ म्हणून, दोघांच्या सह्यांसकट. हसतील. हसू द्या. फिटले की ते पैसे डब्यात नको, तुमच्या एकटीच्या नावाच्या बँक खात्यात जातील. चोर आणि पाली दोघांपासून सुरक्षित.

सासूबाईंचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात त्या आहेत. बाईचा खर्च काय आला असता तो एकदा त्यांच्यासमोरच मांडा. कदाचित त्यांचंच बरोबर निघेल, मग मान्य करून टाका.

जाता जाता, मशीनमध्ये पाणी उभं आहे म्हणता. फ्रंट लोडच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली कोपऱ्यात बहुधा एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर. मशीनचा प्लग काढा, खाली पसरट भांडं धरा आणि माहितीपुस्तिकेत बघून तो हळूहळू सैल करा. पाणी येईल, पुष्कळ येईल. आत बटण, नाणं, मोजा असं काही अडकलेलं मिळालं तर फोटो काढा, आणि चार फेऱ्यांत कुणी हे उघडून बघितलं होतं का, ते कंपनीला पत्रात विचारा. पोळ्यांची परात मात्र वापरू नका.