डॉक्टरांनी ‘फक्त बैठं काम’ लिहिलं, आता अमेरिकेत डिसॅबिलिटी मिळेल का?

मिळू शकते (डिसॅबिलिटी म्हणजे दुखण्यामुळे काम न जमणाऱ्याला सोशल सिक्युरिटी हे सरकारी खातं देतं तो भत्ता). पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तर तो शेरा बऱ्याचदा फायद्याचाच ठरतो. वडील ५१ वर्षांचे, न्यू जर्सीत गोदामात कामाला, मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ‘सिडेंटरी’ म्हणजे बैठं काम लिहिलंय, एवढं तुम्ही सांगितलंय. त्यावरून लिहिते. अशा केसेस घेणाऱ्या वकिलांकडे मी फायली तयार करते. दुखणं वर्षभर तरी टिकणारं आहे, हे धरून चालते.

सोशल सिक्युरिटीच्या लेखी सिडेंटरी म्हणजे आठ तासांत साधारण सहा तास बसणं, चालणं-उभं राहणं मिळून दोनेक तास आणि एका वेळी १० पौंडांच्या वर वजन नाही. आधी जुनं काम जमेल का ते बघतात, मग दुसरं कुठलं. या दुसऱ्या पायरीवर ‘ग्रिड’ म्हणजे वय, शिक्षण आणि कौशल्य यांचे तक्ते येतात. वय ५० ते ५४, जुनं काम जमत नाही, आणि त्यातलं कौशल्य खुर्चीतल्या कामात चालण्यासारखं नाही, तर तक्ता सहसा ‘डिसेबल्ड’ म्हणतो. तेच दुखणं ४९व्या वर्षी असेल तर बहुतेकदा ‘नाही’. अजब आहे, पण नियमच तसा. आणि सोशल सिक्युरिटीने सिडेंटरीऐवजी ‘लाइट’, म्हणजे २० पौंडांपर्यंतचं काम ठरवलं, तर ५१ला सुद्धा बहुधा नकारच.

खरी माती होते ती कामाच्या इतिहासाच्या फॉर्मवर. आपल्या लोकांना हुद्द्याची भारी हौस. सकाळी चार पोरांना कामं वाटून दिली की ‘सुपरवायझर’ लिहून मोकळे, आणि दिवसभर तांदळाच्या गोण्या स्वतः चढवत होते हे लिहायचं राहूनच जातं. मग ते कौशल्याचं काम धरलं जातं आणि बाजी उलटते. जून २०२४पासून मागची पाचच वर्षं बघतात, पूर्वी पंधरा बघायचे. तेव्हा या पाच वर्षांत काय उचललं, किती पौंड, दिवसातून कितीदा, ते सविस्तर लिहा.

डॉक्टरांकडूनही नुसता ‘सिडेंटरी’ हा शब्द नको. सलग किती वेळ बसवतं, मधे उठावं लागतं का, काठी लागते का, महिन्यातले किती दिवस अंथरुणात जातात, हे लिहून घ्या. सहा तास बसवतच नसेल, तर केस वयावर फारशी अवलंबून राहत नाही.

वडील उशिरा अमेरिकेत आले असतील तर सगळ्यात आधी क्रेडिट, म्हणजे टॅक्स भरलेल्या कमाईवर खात्यात जमा होणारे गुण, तपासा. त्यांच्या वयाला सात-साडेसात वर्षांची नोंदलेली कमाई लागते, त्यातली पाच वर्षं मागच्या दहा वर्षांतली. भारतातली नोकरी यात धरत नाहीत, दोन देशांत तसा करारच नाही. रोखीत घेतलेला, टॅक्स न भरलेला पगारही धरत नाहीत.

पहिल्या अर्जाला बहुतेकांना नकार येतो. आला तर नव्याने अर्ज करत बसू नका, ६० दिवसांच्या आत अपील टाका.