दूध वाढवायचंय, सरकारची मदत कशाला मिळते? पशुपालकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (मोहोळ तालुका): तीन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आहेत. कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे (शेंडे) भरपूर मिळतात, तेच घालतो. दूध उतरलंय आणि एक गाय तीनदा भरवली तरी उलटते, गाभ राहत नाही. नवीन गाय घ्यायला अनुदान मिळेल का?

नव्या गाईचं नंतर बघू. ती आणलीत तरी त्याच दावणीला बांधणार आणि तेच वाढे घालणार. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम जनावराच्या अंगी लागत नाही. शिवाय वाढ्यात प्रथिनं कमी. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर राहिलेली गाय दुधाला उतरते, माजावर नीट येत नाही, व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून दुग्धज्वराने बसते. आपल्या ऊसपट्ट्यात गाय उलटायला लागली की मी आधी दावण बघतो.

वाढे बंद करा असं म्हणत नाही, हंगामात दुसरं हिरवं आणायचं कुठून? पण कुट्टी करून घाला. चुना रात्री पाण्यात भिजवा, सकाळी वरची निवळी कुट्टीवर शिंपडा. सोबत ज्वारीचा कडबा आणि थोडा लसूणघास असू द्या. खनिज मिश्रण दर गाईला रोज ५० ग्रॅम. पेंड अंदाजाने टाकू नका: अंगपोषणाला एक ते दीड किलो, वर गाईच्या दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो खुराक. पाणी दिवसभर समोर हवं, मार्चनंतर तर हवंच.

उलटणारी गाय पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, गर्भाशयाची तपासणी होऊ द्या. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. घाई आणि उशीर, दोन्हींत रेत वाया जातं.

प्रश्न (सांगोला तालुका): किसान क्रेडिट कार्डावर दोन गाई घेता येतील का?

नाही. पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड जनावर सांभाळण्याच्या खर्चासाठी आहे: चारा, पेंड, औषधं, वीज-पाणी. ही सोय २०१८-१९ पासून पशुपालकांना लागू झाली. नुसत्या पशुपालनासाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज ७ टक्के, आणि वेळेत फेडलंत तर सवलत धरून ४ टक्क्यांवर येतं. पेंडीच्या दुकानातली उधारी किती महाग पडते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गाय घ्यायची तर बँकेचं मुदत कर्ज वेगळं, त्याचा प्रस्ताव वेगळा. अनुदानावरच्या दुधाळ जनावरांचे अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन घेतात. आपल्या तालुक्याला आणि प्रवर्गाला यंदा काय लागू आहे, हे पंचायत समितीत विचारूनच पुढचा बेत करा. मंजुरीच्या भरवशावर आधीच इसार देऊन बसू नका.

प्रश्न (मंगळवेढा तालुका): पंढरपुरी म्हशी काढून मुऱ्हा घ्याव्यात का?

तुमच्याकडे बारमाही हिरवा चारा असेल तर विचार करा. नसेल तर लांब तलवारीसारख्या शिंगांची आपली म्हैसच बरी. मुऱ्हा दूध जास्त देते खरी, पण मागतेही तितकंच. पंढरपुरी कडब्यावर आणि उन्हात टिकते, फॅटही चांगली लागते. चांगल्या म्हशीला गावच्या कुठल्याही रेड्याकडे नेऊ नका, त्याच जातीच्या सिद्ध वळूचं रेत मागा.

गाईंसाठी राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये लिंगनिर्धारित रेतमात्रांनाही मदत आहे. सुमारे ९० टक्के कालवडी होतात. मात्र गाभ राहण्याचं प्रमाण साध्या रेतापेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ते उलटणाऱ्या गाईवर वापरू नका, नियमित माजावर येणाऱ्या निरोगी कालवडीवर वापरा.

तिघांनाही एक सांगायचंय. कानातला १२ अंकी बिल्ला मारून नोंद करून घ्या. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे जे अनुदान थेट खात्यात आलं, त्यालाही ही नोंद लागत होती. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी फुकट मिळते. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडींना आणि म्हशीच्या वगारींना, ब्रुसेलोसिसची (गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) लस आयुष्यात एकदाच. लस टोचली की दूध आटतं म्हणून पथक आल्यावर जनावरं रानात नेणारे अजूनही भेटतात. दूध कमी होतं ते दोन-चार दिवस. लाळ आली तर अख्खं वेत जातं. जनावर अचानक आजारी पडलं तर १९६२ वर फोन करा, फिरता दवाखाना मिळतो.