अमेरिकेत जास्त मते मिळवूनही उमेदवार हरतो, असे खरेच घडले आहे का?

हो, पाच वेळा: १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्य ठरावीक संख्येने 'निर्वाचक' निवडते आणि शेवटी त्यांचीच मते मोजली जातात.

या पाचांत १८७६ ची निवडणूक मला सर्वांत वेदनादायक वाटते. डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डेन यांना रिपब्लिकन रुदरफोर्ड हेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच लाख मते जास्त पडली. निम्म्याहून अधिक मते घेऊनही हरलेले ते एकमेव उमेदवार. जिंकायला १८५ निर्वाचक मते लागत होती आणि टिल्डेन १८४ वर अडकले. उरलेल्या २० मतांवर भांडण जुंपले. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायनातून दोन्ही पक्षांनी आपापला निकाल वॉशिंग्टनला पाठवला. ओरेगॉनमध्ये तर एक रिपब्लिकन निर्वाचक पोस्टमास्तर निघाला! संघसरकारच्या पदावरील माणसाला निर्वाचक होता येत नाही, असे राज्यघटनाच सांगते. मग डेमोक्रॅट गव्हर्नरने त्याच्या जागी आपल्या पक्षाचा माणूस नेमून टाकला.

यावर राज्यघटनेत स्पष्ट तोडगा नव्हता, म्हणून १५ जणांचा आयोग नेमायचे ठरले. त्यात सात डेमोक्रॅट, सात रिपब्लिकन आणि पंधरावे अपक्ष मानले जाणारे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस असतील, अशी अपेक्षा होती. पण ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिले आणि ते आयोगावर आलेच नाहीत. त्यांच्या जागी रिपब्लिकन न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली आले. तिथून पुढे कळीच्या प्रत्येक मुद्द्यावर कौल आठ विरुद्ध सात. २ मार्च १८७७ च्या पहाटे हेज १८५–१८४ ने विजयी घोषित झाले.

टिल्डेन यांच्यावर अन्याय झाला, असे म्हणून लोक इथेच थांबतात. मला ते अपुरे वाटते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांना त्या निवडणुकीत धमकावून, प्रसंगी ठार मारून मतदानापासून दूर ठेवले गेले होते. त्यांची मते मोजली तर खरा विजयी कोण, हे सांगणे सोपे नाही. आणि निकालाची किंमतही त्यांनीच मोजली. हेज सत्तेवर येताच, एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाच्या विधानभवनांवरचा लष्करी पहारा उठला आणि त्यांना संरक्षण देणारी तिथली रिपब्लिकन सरकारे कोसळली. पुढे मतदान-कर, साक्षरता चाचण्या अशा अटी घालून त्यांचा मताधिकार जवळजवळ संपवण्यात आला. तो परत मिळवून देणारा मतदान हक्क कायदा १९६५ मध्ये झाला.