स्थानिक न्यूज चॅनेल एचडी करायचंय, कॅमेरे आणि एडिटिंगचं सामान कोणतं घ्यावं?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: जिल्ह्याच्या ठिकाणी केबलवर चालणारं बातम्यांचं चॅनेल आहे, कॅमेरे टेपवरचे जुने एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्राचे आहेत, दुकानदार फोर-के मिररलेस (लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा) घ्या म्हणतोय, एडिटर नवा कॉम्प्युटर मागतोय आणि पैसे मोजके आहेत. मी मराठवाड्यातल्याच एका स्थानिक वाहिनीचं तांत्रिक काम बघतो. इथल्या उन्हात, धुळीत आणि इथल्या विजेवर जे टिकतं, त्याच्याबद्दलच सांगतो.

कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याआधी केबलच्या कंट्रोल रूममध्ये जा. तुमचा सिग्नल तिथे कोणत्या वायरीने आत जातो ते स्वतः बघा. पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबल लागलेली असेल, तर तुम्ही कितीही भारी कॅमेरा आणला तरी प्रेक्षकाला दिसणार ते ७२० बाय ५७६ चंच चित्र. एन्कोडरला, म्हणजे तुमचा सिग्नल केबलसाठी तयार करणाऱ्या यंत्राला, एचडीएमआय किंवा एसडीआय या एचडी वायरींचं इनपुट आहे का, ऑपरेटर तुमच्यासाठी एचडीची जागा द्यायला तयार आहे का, आणि गावातल्या किती घरांत एचडी बॉक्स आहेत, हे तीन प्रश्न त्याला विचारा. एसडी बॉक्सवर एचडी चॅनेल दिसतच नाही. त्यामुळे ऑपरेटरने तुम्हाला एचडीवर नेलं आणि एसडीची जागा काढून घेतली, तर जुना प्रेक्षक एका रात्रीत जाईल. दोन्ही जागा मिळाल्या तर उत्तम. एसडीच मिळाली तरी एचडी करण्यात अर्थ आहे, कारण तुमच्या बातम्या यूट्यूबवर आणि फेसबुकवर मोबाईलमध्येही बघितल्या जातात आणि तिथे फरक लगेच दिसतो. पण मग खरेदी कशासाठी करतोय हे आधीच स्पष्ट राहील. माझं म्हणणं एवढंच आहे की खरेदी प्रेक्षकाच्या टोकाकडून सुरू करून कॅमेऱ्यापर्यंत या. सगळे उलटीकडून सुरू करतात.

आता कॅमेरा. बातमीसाठी मी मिररलेस सुचवणार नाही. चित्र सुंदर येतं, यात वाद नाही. पण सभेत पत्रकारांची जागा व्यासपीठापासून लांब, बांबूच्या कठड्यामागे असते, आणि तिथून नेत्याचा चेहरा भरायला लांब झूम लागतो. तेवढी लांब लेन्स मिररलेसला वेगळी घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना उन्हात तासभर सलग रेकॉर्डिंग केलं की बरेच मिररलेस तापून बंद पडतात. शिवाय बहुतेकांत एनडी फिल्टर, म्हणजे जास्तीचा उजेड कमी करणारी काच, आत नसतो. दुपारच्या उन्हात शटर १/५० ठेवायचं म्हणजे एनडी हवाच. हँडीकॅमच्या आकाराच्या प्रोफेशनल कॅमकॉर्डरमध्ये तो एका बटणावर मिळतो, माईकसाठी दोन एक्सएलआर सॉकेट मिळतात आणि झूम एका बोटाने होतो.

एक इंचाचा सेन्सर असलेला कॅमकॉर्डर आपल्या कामाला सगळ्यात योग्य. सोनीचा एचएक्सआर-एनएक्स१०० आणि पीएक्सडब्ल्यू-झेड९० या दोन्हींचा ऑप्टिकल झूम १२ पट आहे, पॅनासॉनिकच्या एजी-यूएक्स९० चा १५ पट, तर एजी-सीएक्स३५० चा २० पट. यात झेड९० आणि सीएक्स३५० ला एसडीआय आउट आहे, म्हणजे स्टुडिओत किंवा थेट प्रक्षेपणात लांब वायर टाकता येते. एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाचं राहत नाही आणि त्याची पिन पायात अडकून निसटते. एसडीआयची बीएनसी पिन फिरवून लॉक होते. माळेगावच्या यात्रेतल्या गर्दीत किंवा तुळजापूरला नवरात्रात रात्रभर कॅमेरा लावायचा असेल, तर या पिनेचं मोल कळतं.

सगळे कॅमेरे नवे घेण्याची गरज नाही. एक नवा घ्या, चांगल्या झूमचा आणि एसडीआयचा. बाकीचे वापरलेले बघा. लग्नाचं शूटिंग करणारे मिररलेसकडे वळल्यापासून बरे कॅमकॉर्डर विकायला निघतात. घेताना झूमचं बटण हळू आणि जोरात दोन्हीकडे दाबून बघा, दोन्ही कार्ड स्लॉटवर रेकॉर्ड करून बघा, एक्सएलआरला माईक लावून आवाज ऐका, मेन्यूत वापराचे तास दिसत असतील तर ते बघा. पांढऱ्या भिंतीकडे लेन्स धरून शूट केलं की आतली बुरशी आणि धूळ दिसते. शक्यतो सगळे कॅमेरे एकाच कंपनीचे ठेवा. रंग जुळवायला सोपं जातं आणि बॅटऱ्या एकमेकांत चालण्याची शक्यता वाढते. मात्र खात्री करून घ्या, कारण एनएक्स१०० ला एनपी-एफ मालिकेची बॅटरी लागते आणि झेड९० ला एनपी-एफव्ही. एनपी-एफचा एक फायदा असा की तीच बॅटरी बहुतेक छोट्या एलईडी लाइटलाही चालते.

परदेशातून आलेला, बिल नसलेला स्वस्त कॅमेरा घेऊ नका. काही मॉडेल फक्त ६० हर्ट्झच्या देशांसाठी असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. ६० च्या हिशेबाने शूट केलेल्या चित्रात मग पट्टे फिरताना दिसतात. सरकारी कार्यालयातली, दवाखान्यातली बातमी असली की हा दोष हमखास येतो. म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांवर १०८०/५०पी (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) आणि शटर १/५० असं एकच सेटिंग करून घ्या, आणि ते कागदावर लिहून प्रत्येक बॅगेत ठेवा. ५०पी असलं की केबलसाठी ५०आय (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) काढता येतं, यूट्यूबला ५०पी किंवा २५पी देता येतं. थेट ५०आय शूट करून तसंच यूट्यूबवर टाकलं, तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात.

तालुक्याच्या बातमीदारांचं फुटेज मोबाईलवरूनच येणार, ते स्वीकारूनच पुढे जा. त्यांना तीन गोष्टी शिकवा. मोबाईल आडवा धरायचा. कॅमेरा ॲपमध्ये २५ किंवा ५० फ्रेमची सोय असेल तर ती निवडायची. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल दाबली जात नाही, आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते. दुसरी अडचण अशी की मोबाईलचा फ्रेम रेट स्थिर नसतो, त्यामुळे लांब बाइटमध्ये (कुणाच्या बोलण्याच्या तुकड्यात) ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेट करून घेतला की प्रश्न मिटतो.

आवाजाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात कमी पैसे यावर खर्च होतात आणि चॅनेल गावठी वाटतं ते यामुळेच. चित्र थोडं मऊ असलं तरी लोक बातमी बघतात. शेतकरी काय बोलतोय ते ऐकू आलं नाही तर चॅनेल बदलतात. चॅनेलच्या लोगोचा बूम, म्हणजे बातमीदाराच्या हातातला माईक, चांगला डायनॅमिक प्रकारचा घ्या. तो जवळचा आवाज घेतो, मोंढ्यातल्या हमालांचा आणि ट्रकच्या हॉर्नचा गलका बऱ्यापैकी बाहेर ठेवतो. कॅमेऱ्यापर्यंत एक्सएलआर वायर ठेवा. वायरलेस हवाच असेल तर यूएचएफचा घ्या. सध्याचे छोटे चौकोनी माईक बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. मोकळ्या शेतात ते छान चालतात. हजारो मोबाईल असलेल्या सभेत मात्र आवाज तुटण्याची भीती असते, आणि नेत्याचं ते वाक्य पुन्हा मिळत नाही. कॅमेरामनने कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डचं बटण दाबायचं नाही, असा नियमच करा. स्टुडिओत गुणगुण येत असेल तर माईक बदलण्याआधी अर्थिंग तपासा. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं, आणि अख्ख्या बुलेटिनखाली जी हलकी घुंघुं ऐकू येते ती बहुतेक तिथूनच येते.

एडिटिंगच्या कॉम्प्युटरसाठी १०८०/५०पीचं आठ बिटचं, ५० एमबीपीएसचं (सेकंदाला ५० मेगाबिट) फुटेज हा मुळीच जड माल नाही. आत ग्राफिक्स असलेला इंटेल आय५ किंवा आय७ असा प्रोसेसर घ्या, कारण त्यातला क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडणारा भाग हे फुटेज सहज उलगडतो. ३२ जीबी रॅम, चालू कामासाठी एनव्हीएमई एसएसडी, एवढ्यावर बातमी वेळेत बाहेर पडते. एडिटर १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात, शूट करा म्हणेल. बातमीला त्याची गरज नाही. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारातलं तसलं फुटेज बहुतेक ग्राफिक कार्डांना थेट उलगडता येत नाही, एनव्हिडियाने ती सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली. त्यामुळे चांगलं मशीनही अडखळतं.

सॉफ्टवेअर तुमच्या एडिटरच्या हातात जे बसलंय तेच ठेवा. आपल्या भागात एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर हात बसलेली मुलं खूप आहेत आणि बातमी कापायला ते खरंच वेगवान आहे. पैसे नसतील तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एचडी कामाला पुरते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर चॅनेलच्या मशीनवर नको. त्यातून येणारा व्हायरस नेटवर्कवरचं सगळं फुटेज कुलूपबंद करून टाकू शकतो.

देवनागरी पट्टीसाठी खरेदीआधी स्वतः परीक्षा घ्या. विकणाऱ्यासमोर बसून हे टाइप करा: "शेतकऱ्यांच्या मोर्च्यात ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा ठिय्या, औंढ्याच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशीही कोंडी". ऱ्या तुटला, र्च्या विस्कटला किंवा वेलांटी भलत्या अक्षराला चिकटली, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ॲडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई भाषांसाठीचं निवडावं लागतं, तेव्हा जोडाक्षरं नीट येतात. खालच्या धावत्या पट्टीसाठी कॅस्पर-सीजी हे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर बघा. स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीने, म्हणजे एसव्हीटीने, ते बनवलं आणि सगळ्यांना मोफत खुलं केलं. त्यात एचटीएमएलची टेम्पलेट चालतात, म्हणून अक्षरं ब्राउझरमध्ये दिसतात तितकीच शुद्ध दिसतात. शिकायला थोडा वेळ लागतो, पण जवळपास संगणक शिकलेलं एखादं पोर सापडतंच. फक्त टायपिंग युनिकोडमध्ये करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली बातमी वेबसाइटवर आणि यूट्यूबच्या वर्णनात तशीच चिकटवली तर नुसती चिन्हं दिसतात. मुक्ता हा मोफत फॉन्ट मराठी पट्टीला छान वाचता येतो. आणि केबलवर अजून जुने चौकोनी टीव्ही आहेत, तेव्हा लोगो आणि पट्टीतला महत्त्वाचा मजकूर मधल्या ४:३ भागात ठेवायचा का, हे ऑपरेटरशी बोलून ठरवा.

साठवणुकीचा हिशोब आधीच करा. ५० एमबीपीएसने तासाला साडेबावीस जीबी लागतात. रोज एक तास फुटेज जपलं तरी वर्षाला आठ टीबीच्या पुढे जातं. एक छोटा नॅस (नेटवर्कवर जोडलेली सामायिक साठवणूक) घ्या, गिगाबिट वायरने जोडा, दोन एडिटर त्यावरूनच थेट काम करतील. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, वेगळ्या इमारतीत. नॅस आणि प्लेआउटच्या (तयार कार्यक्रम प्रक्षेपणाला सोडणाऱ्या) मशीनला ऑनलाइन यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी क्षणभरही न तुटणारा, हवाच. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर पलटी मारायला जो क्षण घेतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं आणि चालू बुलेटिन पडतं.

जुना टेपचा कॅमेरा विकू नका, निदान टेपा उतरवून होईपर्यंत तरी नको. मिनी डीव्ही टेप फायरवायर या जुन्या जोडणीने जितक्या तासांची तितक्याच वेळात उतरते, तासाला सुमारे १३ जीबी. टेप वाचणारी यंत्रं आता दुरुस्त करून मिळणं अवघड झालंय. २००८ चा नांदेडचा गुरुता गद्दी सोहळा, गावोगावच्या ग्रामसभा, आता हयात नसलेल्या माणसांच्या मुलाखती, हे तुमच्या कपाटात असेल तर ते दुसऱ्या कुणाकडेही नसण्याची शक्यता मोठी आहे. टेपवरचं जुनं फुटेज एचडी टाइमलाइनवर टाकताना फील्ड ऑर्डर, म्हणजे चित्राच्या ओळींचा क्रम, बघा. डीव्हीत खालची ओळ आधी असते, एचडीत वरची. ते बदललं नाही तर चित्र थरथरतं.

थेट प्रक्षेपणासाठी सुरुवातीला महागडं बाँडिंग यंत्र, म्हणजे अनेक सिमचं इंटरनेट एकत्र जोडणारं, नको. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, एक चांगला मोबाईल आणि एसआरटी या पद्धतीने व्हिडिओ पाठवणारं ॲप एवढ्यावर मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन लाइव्ह दाखवता येतं. एसआरटी हरवलेले तुकडे पुन्हा मागून घेतं, म्हणून कमकुवत नेटवर्कवर ते आरटीएमपी या जुन्या पद्धतीपेक्षा जास्त टिकतं. गर्दी जमण्याआधी जागेवर जाऊन वेग तपासा, आणि गर्दीत तो बराच कमी होणार हे धरून बिटरेट ठेवा.

बदल गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर करू नका. जुनी आणि नवी व्यवस्था काही आठवडे शेजारी शेजारी चालवा. कंट्रोल रूममधला एन्कोडर कोणत्या मॉडेलचा आहे आणि तुमच्या स्टुडिओपासून तो किती लांब आहे एवढं खाली लिहिलंत, तर प्लेआउटचं कार्ड आणि वायर नेमकी कोणती घ्यायची ते सांगतो.